आई-बाबांचं ग्रीन कार्ड: मुंबईच्या मुलाखतीची फाइल कशी लावायची

दादा न्यू जर्सीत सिटिझन झाला आणि लगेच त्याने आई-बाबांसाठी आय-१३०, म्हणजे नातेवाईकाला कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज, भरला. तिकडची बाजू त्याने सांभाळली, इकडची कागदांची बाजू आली माझ्या गळ्यात. मला वाटलं काय, चार झेरॉक्स मारायच्या, एक नोटरी गाठायचा, झालं. प्रत्यक्षात दीड वर्ष मी तहसील, नगरपालिका, आईची शाळा आणि पासपोर्ट ऑफिस असं फिरत होते. आता ओळखीतलं कोणी ना कोणी महिन्यातून एकदा फोन करून तेच तेच विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. हे अमेरिकन सिटिझन मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांसाठी केलेल्या केसबद्दल आहे, म्हणजे आयआर-५. नवरा-बायकोच्या केसमध्ये थोडे कागद वेगळे लागतात, पण जन्मदाखला, पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट), मेडिकल हे सगळ्यांनाच.

आधी एक गोष्ट, जी आम्हाला उशिरा कळली. आईचा आणि बाबांचा आय-१३० वेगवेगळा भरावा लागतो. एकाच्या केसमध्ये दुसरा आपोआप येत नाही. त्यामुळे केस नंबर दोन, डीएस-२६० म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाचे फॉर्म दोन, आणि फाइलीही दोनच. लग्नाचा दाखला दोन्ही फाइलींत लागतो, तेव्हा त्याच्या प्रती आधीच जास्त काढा.

क्रम असा: यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, आय-१३० मंजूर केला की केस जाते एनव्हीसीकडे, म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटर. ते न्यू हॅम्पशायरमध्ये आहे, पण काम सगळं ऑनलाइन. तिकडून केस नंबर येतो, मुंबईचा असेल तर बीएमबीने सुरू होतो. मग फी भरायची, व्हिसा अर्जाची माणशी ३२५ डॉलर आणि ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्टची, म्हणजे दादाने द्यायच्या खर्चाच्या हमीची, १२०. मग डीएस-२६० भरायचा, कागद स्कॅन करून अपलोड करायचे, ते तपासतात, काही कमी असेल तर परत पाठवतात, सगळं पसंत पडलं की डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड असा मेसेज येतो. लोक त्याला डीक्यू म्हणतात आणि तो आला की पेढे वाटतात. वाटा, पण ते कागद स्कॅनमध्ये पसंत पडलेत. ओरिजनल बघणारा माणूस बीकेसीला, मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये बसलाय.

पहिलं काम: एका कागदावर सगळी नावं

कुठलाही दाखला काढायला पळण्याआधी घरातले सगळे कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढा आणि एका फुलस्केपवर रकाने आखा. कागद कुठला, त्यावर नाव जसंच्या तसं काय लिहिलंय, जन्मतारीख काय, जन्मगाव काय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव काय. आधार, पॅन, पासपोर्ट, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, पेन्शनचे कागद, आणि दादाच्या जन्मदाखल्यावर आई-बाबांची नावं कशी आहेत ते सुद्धा.

आमच्याकडे हा कागद भरल्यावर मी डोक्याला हात लावला. आईचं शाळेतलं नाव हौसाबाई. लग्नात ताटात तांदळावर अंगठीने जे नाव लिहिलं ते सुमन. तेव्हापासून ती सुमनच. म्हणजे नाव, मधलं नाव आणि आडनाव तिन्ही बदललेली. रेशन कार्डावर सुमनबाई, आधारवर सुमन, पासपोर्टवर सुमन पण स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. अमेरिकन ऑफिसरला हे आपोआप कळणार नाही, त्याच्या लेखी हौसाबाई ही वेगळीच बाई आहे.

बाबांची जन्मतारीख १ जून. तुमच्याही घरात कोणाची तरी असेलच, गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावून दिलेली. यावर लोक एक घोडचूक करतात, व्हिसाच्या निमित्ताने खरी तारीख दुरुस्त करायला निघतात. आजी सांगायची की पोर नागपंचमीच्या आसपासचं, म्हणून आधार बदल, पॅन बदल. नका करू. पन्नास-साठ वर्षं सगळीकडे जी तारीख चाललीय तीच राहू दे, आणि मुलाखतीत विचारलंच तर सरळ सांगायचं की शाळेत लावलेली तारीख आहे. ऐन वेळी बदललेले ताजे कागद जुन्या कागदांशी भांडायला लागतात, ते जास्त वाईट.

नावांचा फरक असेल तर तो लपवायचा नाही, उलट आपणच पुढे करायचा. डीएस-२६० मध्ये दुसरी नावं वापरली आहेत का असं विचारतात, तिथे हौसाबाई माहेरच्या आडनावासकट टाकलं. आय-१३० मध्येही तसंच टाकायला हवं होतं, दादाने टाकलं नव्हतं, त्याचा थोडा ताप झाला. शिवाय दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र नोटरी करून ठेवलं. पण नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. दोन्ही नावांना जोडणारा एखादा जुना कागद शोधा, तो कुठे सापडला ते पुढे सांगते.

जन्मदाखला, म्हणजे खरी लढाई

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, आणि बहुतेक ठिकाणी तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी खेड्यात जन्मलेल्यांची नोंद असेलच याची खात्री नाही. असली तर ती गाव नमुना नंबर १४ मध्ये, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, आणि ती जुनी बुकं बहुतेक करून तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. हल्ली कुणबी नोंदी शोधायला झुंबड उडाली त्यामुळे तिथल्या लोकांना ती पटकन काढता येतात, हा आपला फायदा. बाबांच्या गावची पानं मिळाली पण नोंद कशी, तर अमक्याला मुलगा झाला, बास. नाव नाही. बाबांना तीन भाऊ, त्यातला हा कोण ते कोण सांगणार? मग त्यांच्या नावानिशी नोंद आढळत नाही असा दाखला घेतला. आईच्या गावचं तर त्या वर्षाचं पानच वाळवीने खाल्लेलं, क्लार्कने बुक उघडलं आणि मधला भाग अक्षरशः भुशासारखा टेबलावर सांडला. तिचाही तसाच दाखला.

हा नोंद आढळत नाही दाखला, म्हणजे नॉन-अव्हेलेबिलिटी, फार महत्त्वाचा आहे. तो असेल तरच पुढचे पर्यायी कागद चालतात. ते म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वयाने मोठ्या दोन नातेवाईकांची प्रतिज्ञापत्रं. आता बहात्तर वर्षांच्या बाईच्या जन्माची माहिती असलेलं माणूस आणायचं कुठून? आईची आत्या आहे, शहाऐंशी वर्षांची, आणि एक थोरला चुलतभाऊ. प्रतिज्ञापत्रात काय हवं: सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, स्वतःची जन्मतारीख, नातं, आईचं पूर्ण नाव दोन्ही प्रकारे, जन्मतारीख, जन्मगाव, तिच्या दोन्ही पालकांची नावं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मला हे कसं माहीत. कोर्टाबाहेरचा टायपिस्ट हे शेवटचं वाक्य कधीच घालत नाही, तुम्ही घालून घ्या. आत्याने सांगितलं की तेव्हा मी माहेरी बाळंतपणाला आले होते आणि एकाच घरात होते, तेच शब्द तसेच लिहिले. शेवटी आत्याचा अंगठा. शाई जास्त झाली म्हणून कागद दोनदा काढावा लागला, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला नेताना कोऱ्या दोन प्रती जास्त ठेवा.

आता तो एजंटवाला सल्ला. तुम्हाला कोणीतरी नक्की भेटणार जो म्हणेल की कशाला एवढा खटाटोप, काही हजारात नवीन जन्मदाखला करून देतो. एक तर ऑफिसर दाखल्यावर जन्मतारखेच्या आधी नोंदणीची तारीख बघतो. १९५३ चा जन्म आणि परवाची नोंदणी म्हटलं की तो पुढे पुरावे मागणारच. कायदेशीर उशिरा नोंदणी केलेली असली तरी तेच. आणि खोटा कागद पकडला गेला तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो, आणि त्यावरची बंदी आयुष्यभराची असते. पोराने तिकडे सिटिझन व्हायला पंधरा वर्षं घालवली ती अशी वाया घालवू नका.

दादाचा जन्मदाखला हा यातला सगळ्यात मोठा कागद, कारण मुलगा यांचाच हे त्यावरूनच सिद्ध होतं. त्याची नोंद वेळेत झालेली, १९७९ ची, पण नावाचा रकाना कोरा, आपल्याकडे तेव्हा बारशाआधी नोंद व्हायची आणि नंतर कोणी नाव घालायला जायचंच नाही. नगरपालिकेत नाव समाविष्ट करायचा अर्ज, सोबत त्याचा शाळेचा दाखला, असं करून नाव चढवून घेतलं. तीन खेपा झाल्या, एकदा साहेब नाहीत, एकदा सर्व्हर नाही, असो. पण त्याचा फायदा बघा, नवीन दाखल्यावर नाव आहे आणि नोंदणीची तारीख १९७९ चीच आहे. म्हणून नवीन नोंद करायच्या आधी जुनी नोंद शोधायला जास्त जीव लावा.

काही लोक घाबरून आधीच डीएनए टेस्ट करून ठेवतात. त्याचा उपयोग नाही. कॉन्सुलेटला गरज वाटली तर ते सांगतात आणि त्यांच्या पद्धतीने, ठराविक मान्यताप्राप्त लॅबमधूनच ती होते.

लग्नाचा दाखला

बाबांच्या केसमध्ये हा लागतोच, कारण वडिलांचं नातं आई-वडिलांच्या लग्नातून दाखवायचं असतं. १९७६ सालचं लग्न, तेव्हा नोंदणी कोण करत होतं! आपल्याकडे उशिरा नोंदणी करता येते, थोडा दंड भरून. नमुना ड भरायचा, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो, आणि मग मिळतो तो नमुना ई मधला दाखला. भटजी केव्हाच वारले होते, त्याबद्दल प्रतिज्ञापत्र दिलं.

आणि इथे तो जोडणारा कागद सापडला. ट्रंकेत तळाशी वर्तमानपत्राखाली लग्नपत्रिका होती, गुलाबी, कोपऱ्याला अजून हळदीचा डाग, आणि त्यावर चि. सौ. कां. हौसाबाई आणि शेजारी बाबांचं पूर्ण नाव. म्हणजे हौसाबाईचं लग्न बाबांशी झालं हे १९७६ सालीच छापलेलं. नोंदणी करताना वधूचं लग्नाआधीचं नाव हौसाबाई असंच टाकायला लावलं, त्यामुळे दाखल्यावर ते आलं. एवढं एक काम नीट झालं की नावाचं अर्धं भांडण मिटतं. पत्रिका अनुवादासकट फाइलीत लावली, अनुवादक बाई मात्र चि. सौ. कां. चं इंग्रजी काय करू म्हणून दोन दिवस अडून बसल्या होत्या.

कोणाचं आधी दुसरं लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाची डिक्री किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला लागतो, तो विसरू नका.

पीसीसी आणि फौजेचे कागद

पीसीसी पोलीस स्टेशनमधून आणायचं नाही, पासपोर्ट सेवाच्या साइटवरून अर्ज करायचा, फी ५०० रुपये. १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतं. क्रम लक्षात ठेवा, पासपोर्टची मुदत संपत आली असेल किंवा स्पेलिंग दुरुस्त करायचं असेल तर आधी पासपोर्ट, मग पीसीसी, कारण पीसीसीवर पासपोर्ट नंबर असतो. आम्ही आईच्या पासपोर्टमधला तो जास्तीचा ए आधी काढला. दोन वर्षांत पीसीसी जुनं धरलं जातं, त्यामुळे केस रेंगाळली तर परत काढावं लागतं.

कोकणातल्या घरांमध्ये बरेचदा बाबांची आठ-दहा वर्षं मस्कत नाहीतर कुवेतला गेलेली असतात. एखाद्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर तिथलंही पोलीस सर्टिफिकेट मागतात, अगदी १९८५ सालचं राहणं असलं तरी. कुठल्या देशातून ते कसं मिळतं हे स्टेट डिपार्टमेंटच्या साइटवर देशवार दिलंय, रेसिप्रॉसिटी नावाचं पान आहे. हे काम सगळ्यात आधी सुरू करा, कारण दुसऱ्या देशाच्या गतीवर आपला काही ताबा नाही.

सातारा जिल्हा म्हटल्यावर घरटी एक फौजी, आमचे बाबाही. सैन्यात नोकरी केली असेल तर डीएस-२६० मध्ये ते लिहावं लागतं आणि त्याचे कागद लागतात, म्हणजे डिस्चार्ज बुक. नाव-तारखेचा ताळा इथेही करा. बाबांच्या बुकात वडिलांचं नाव बापू आणि शाळेच्या दाखल्यावर बापूराव. एवढ्याने काही अडलं नाही, पण तेही प्रतिज्ञापत्रात घालून टाकलं.

दादाचे पैशाचे कागद

हे दादाने केलं, मी फक्त प्रिंट लावल्या, त्यामुळे थोडक्यात. आय-८६४ हा फॉर्म, म्हणजे तोच ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट, सोबत आयआरएसचं (तिकडचं टॅक्स खातं) टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट, डब्ल्यू-२ म्हणजे वर्षाच्या पगाराचा फॉर्म, नोकरीचं पत्र, आणि सिटिझन असल्याचा पुरावा. उत्पन्न गरिबी रेषेच्या सव्वापट हवं. घरात दादा, वहिनी, दोन मुलं आणि येणारे दोघं असा सहा जणांचा हिशोब धरला तर २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ते साधारण ५३,९३७ डॉलर होतं. तक्ता दरवर्षी बदलतो. कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे हमी देणारा आणखी एक जण, घेता येतो, तो नातेवाईकच हवा असं नाही. मधे नवीन वर्षाचा टॅक्स भरला गेला असेल तर मुलाखतीला ताजं ट्रान्स्क्रिप्ट न्या. आणि इकडे आपला सातबारा, एफडी, फ्लॅटचे कागद यांचं गाठोडं नेऊ नका. ते टुरिस्ट व्हिसाचं डोकं आहे, तिथे परत येणार हे पटवायचं असतं. इथे तर कायमचं जायलाच निघालोय.

अनुवाद आणि स्कॅन

जे इंग्रजीत नाही त्या प्रत्येक कागदाला इंग्रजी अनुवाद. अनुवादकाने शेवटी लिहून सही करायची की मला दोन्ही भाषा येतात आणि हा अनुवाद बरोबर आहे. हल्लीचे जन्मदाखले मराठी-इंग्रजी दोन्हीत असतात, पण जुने शाळेचे दाखले, तहसीलचे दाखले आणि अंगठ्याची प्रतिज्ञापत्रं मराठीतच. नावाचं स्पेलिंग अनुवादकावर सोडू नका, पासपोर्टप्रमाणे लिहून द्या, नाहीतर ते स्वतःच्या मनाने नवीन स्पेलिंग जन्माला घालतात. जुन्या कागदातली चूक मात्र दुरुस्त करू नका, आहे तसंच उतरवा.

स्कॅन रंगीत, पुढची-मागची दोन्ही बाजू, शिक्का मागे असेल तर विशेष करून. मूळ कागद आणि त्याचा अनुवाद एकाच फाइलमध्ये. मोबाइलवर काढलेले फोटो, ज्यात टेबलक्लॉथची फुलं दिसतात, ते परत येतात, आमचा आला होता.

मेडिकल

मुलाखतीची तारीख आली की लगेच कॉन्सुलेटच्या पॅनेलवरच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या, आपल्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. एक्स-रे, रक्त, लसी. बीपी-शुगरच्या गोळ्यांची यादी, जुने डिस्चार्ज पेपर, असतील ते लसींचे कागद न्या. एक गोष्ट गंभीरपणे घ्या: घरात कोणाला पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर ट्रीटमेंटचे जुने कागद शोधून ठेवा. एक्स-रेत डाग दिसला तर थुंकीची तपासणी होते आणि कल्चरला आठ आठवडे लागतात, मग मुलाखत असूनही व्हिसा लटकतो. लपवून काही होत नाही, फुप्फुसाला खोटं बोलता येत नाही.

मुलाखतीचा दिवस

माणशी एक फाइल, त्यात वरपासून क्रमाने: अपॉइंटमेंट लेटर, पासपोर्ट, डीएस-२६० चा कन्फर्मेशन, दोन बाय दोन इंचाचे दोन फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडवर आणि चष्म्याशिवाय, मग ओरिजनल दाखले आणि प्रत्येकाखाली झेरॉक्स, मग आय-८६४. लॅमिनेशन केलेलं असेल तर तसंच न्या, सोलायला जाऊ नका. स्टेपल न करता पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा, खिडकीपाशी थरथरत्या हातांनी पिना काढणं हा वेगळाच ताण असतो. पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात मराठीत यादी लावली होती, म्हणजे मॅरेज सर्टिफिकेट मागितलं की बाबा नंबर ५ काढणार. घरी दोनदा सराव केला, मी खिडकी झाले.

मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा भेटायची जागा आधी ठरवा. आम्ही बीकेसीत एका झाडाखाली ठरवली आणि मी तिथे तीन तास उभी.

प्रश्न साधेच होते. मुलगा काय करतो, कुठे राहतो, किती मुलं, लग्न कधी झालं. मग ऑफिसर बाईने कागदावर बोट ठेवून हिंदीत विचारलं, ये हौसाबाई कौन है? आई म्हणाली, मैंच. आणि हसली. मग तिने लग्नात नाव बदलायची पद्धत तिच्या हिंदीत समजावली, बाबांनी न विचारता पत्रिका पुढे केली. बाईने पत्रिका उलटसुलट बघितली आणि परत दिली. आईला एवढं सांगून ठेवलं होतं की आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, अंदाजे तारखा ठोकू नकोस.

बाबांना मात्र २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली, दादाचं ताजं टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट हवं म्हणून. ते आईच्या फाइलीत होतं, बाबांच्या नव्हतं, चूक माझी, सगळं दोन-दोन करताना तेवढं एक राहिलं. ही चिठ्ठी म्हणजे कायमचा नकार नाही, जे मागितलंय तेवढंच, सांगितलेल्या पद्धतीने द्यायचं. सोबत जास्तीचे कागद कोंबू नका.

पासपोर्ट हातात आला की काउंटरवरच व्हिसावरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर वाचून बघा. व्हिसाची मुदत मेडिकलशी जोडलेली असते, बहुतेक सहा महिन्यांच्या आतली, तेव्हा दिवाळी करून निघू म्हणण्याआधी तारीख बघा. निघण्याआधी यूएससीआयएसची इमिग्रंट फी ऑनलाइन भरायची, माणशी २३५ डॉलर, त्याशिवाय कार्ड छापत नाहीत. सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते फोडायचं नाही, तिकडे विमानतळावर ऑफिसरच फोडतो. आणि ती फाइल चेक-इन बॅगेत टाकू नका. आमच्या बाबांनी सामानात लोणच्याची बरणी दोनदा गुंडाळली, फाइल मात्र नेवार्कला उतरेपर्यंत मांडीवरच ठेवली होती.